टोपण काढलंस का?

परवा तू कॅमेऱ्याचा डबा उघडून दाखवलास तेव्हा तुझी आई म्हणाली, "दादा, हा तर शोकेसमध्ये ठेवण्यासारखा आहे." पांढरं अंग, त्यावर चिनी मातीच्या कपबशीवर असते तशी निळी वेलबुट्टी. हातात घेतला तर वजन रिकाम्या साबणदाणीएवढं. मी पाठ उघडून आत बघितलं, खटका दोन-तीनदा दाबून ऐकला आणि तुला विचारलं, "रोल कुठला घालणार?" तू म्हणालीस, "मामा, या निळ्या नक्षीला शोभेल असा." तेव्हाच ठरवलं, पोरीला नीट लिहून द्यायचं. फोनवर सांगितलेलं तुम्ही ऐकता, हो हो म्हणता आणि विसरता.

मी साताऱ्यात स्टुडिओत लागलो ते १९७६ साली, डार्करूममध्ये. मालक फार बोलायचे नाहीत, पण जे बोलायचे ते पुन्हा सांगायचे नाहीत. त्यातलं जे आठवतं आणि जे पुढे मी स्वतः आपटून शिकलो, ते दोन्ही तुला देतो. कुठलं त्यांचं आणि कुठलं माझं हे आता मलाही वेगळं करता येत नाही.

आधी तुझ्या हातात काय आहे ते समजून घे. हा डायना एफ प्लस. मूळचा डायना १९६०च्या दशकात हाँगकाँगमध्ये, ग्रेट वॉल प्लॅस्टिक फॅक्टरीत बनायचा. काळं अंग, वर निळसर टोपी, आणि किंमत इतकी कमी की अमेरिकेत तो खेळण्यासारखा घाऊक विकला जायचा, जत्रेत बक्षीस म्हणूनही वाटला जायचा. भिंग प्लॅस्टिकचं, एकाच तुकड्याचं. फोटो मधे बरा, कडांना विरघळलेला, कोपरे काळे. खरेदीदारांनी नाकं मुरडली, पण काही शहाण्यांना त्या विरघळण्यातच चित्र दिसलं. नॅन्सी रेक्सरॉथ या अमेरिकी बाईंनी त्याच खेळण्यावर काढलेल्या फोटोंचं 'आयोवा' हे पुस्तक १९७७ साली निघालं. गंमत म्हणजे त्यातले बहुतेक फोटो ओहायोतले आहेत. मिळालं तर ते पुस्तक बघ. बारीक तपशील नसताना फोटो कसा उभा राहतो ते त्यात कळतं.

त्या डायनाचा नवा अवतार व्हिएन्नाच्या लोमोग्राफी कंपनीने २००७ साली आणला, आणि मग नटवायला सुरुवात केली. सोनेरी, गुलाबी, नक्षीचे, चित्रांचे. द व्हाइट स्ट्राइप्स या अमेरिकी बँडसाठी तर त्यांनी लाल-पांढऱ्या रंगात दोन कॅमेरे काढले. होल्गाचं नाव जॅक, डायनाचं मेग, म्हणजे बँडमधल्या दोघांचीच नावं. होल्गा हा दुसरा हाँगकाँगचा प्लॅस्टिकचा गडी, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचा. डायनापेक्षा थोडा ठोकळा, पण जात तीच.

हे सगळे नटलेले डायना आतून सारखे. तेच भिंग, तोच खटका, तीच स्प्रिंग. साडी पैठणी असली तरी नेसणारी तीच. तेव्हा नक्षीला शोभेल असा रोल ही गोष्ट डोक्यातून काढून टाक. रोल उजेडाला शोभावा लागतो. तुझ्या कॅमेऱ्याच्या बाबतीत तर जास्तच, कारण त्याला उजेड कमीजास्त करायला फारसं काही येत नाही. तो हिशोब पुढे सांगतो. आधी एक काम आजच कर.

रात्री खोली पूर्ण अंधारी कर. फोनचा टॉर्च लावून... नाही, फोन आत मावणार नाही. किल्लीच्या जुडग्याला असते तसली छोटी बॅटरी घे, पेटवून कॅमेऱ्याच्या पोटात ठेव आणि पाठ लावून टाक. भिंगावर टोपण. पाच मिनिटं अंधारात बस, डोळे सरावू देत. मग कॅमेरा फिरवून बघ. पाठीच्या फटीतून, रोल गुंडाळायच्या चक्रीखाली जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथून रोल लाइट खाणार. तुझ्या कॅमेऱ्याचं अंग पांढरं आहे हे लक्षात ठेव. काळं प्लॅस्टिक स्वतःच उजेड अडवतं, पांढरं पातळ असेल तर अंगातूनही झिरपू देतं. आतून काळा रंग लावलेला आहे ना, तो कुठे खरवडला आहे का, तेही याच वेळी बघून घे.

फट सापडली की बाहेरून काळी टेप लावायची, ही सगळ्यांना माहीत असलेली युक्ती. पण वायरमनची ती चकचकीत टेप तुझ्या नक्षीवर लावू नकोस. उन्हात तिचा गोंद वितळतो आणि काढताना रंग घेऊन येतो. नाटकवाले वापरतात ती जाड कापडी टेप आण, तीही आधी पँटच्या मांडीवर दोनदा चिकटवून उपट. चिकटपणा थोडा मरतो आणि मग ती उजेड अडवते पण रंग सोडून देते. जमलं तर फटीच्या आतल्या कडेला काळ्या लोकरीचा दोरा चिकटव, बाहेर काही लावायलाच नको. तुमच्या वयाची मुलं ती लाल-पिवळी उजेडाची जीभ फोटोत आली की खूश होतात. होऊ देत. माझं म्हणणं एवढंच की ती जीभ तू बोलावलीस म्हणून यावी. दहाव्या फोटोत आजीच्या तोंडावर आपोआप येऊन बसली तर तू रडशील.

आता रोलकडे येऊ. या कॅमेऱ्याला लागतो १२० चा रोल. दुकानात 'वन-ट्वेंटी' म्हण, 'मीडियम फॉरमॅट' म्हण, पण नुसतं 'रोल' म्हणू नकोस, डबीतला ३५ मिलिमीटरचा हातात देतील. १२० हा आकार कोडॅकने १९०१ साली ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढला आणि तो आजही बनतो. तुझ्या आजोबांच्या अॅग्फा क्लिक थ्रीमध्ये हाच रोल लागायचा. तो कॅमेरा बडोद्याला बनायचा, आणि त्या काळात महाराष्ट्रातल्या निम्म्या घरातल्या सहली नि बारशी त्याने टिपली असतील. बारा चौकोनी फोटो, बस्स. रोल मिळायचा तो बहुतेक वेळा उटीचा, सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू'. तो आता नाही. त्याचा एक रिकामा डबा माझ्या कपाटात आहे, त्यात मी बटणं ठेवतो.

उजेडाचा हिशोब आता सावकाश वाच, हाच या पत्राचा जीव आहे.

तुझ्या कॅमेऱ्याचा खटका एकाच वेगाचा, अंदाजे १/६० सेकंद. दुसरा पर्याय 'बी', म्हणजे दाबून धरशील तोवर उघडा. भिंगाखाली चित्रं आहेत. लख्ख सूर्य म्हणजे एफ २२, ऊन-ढग म्हणजे एफ १६, नुसते ढग म्हणजे एफ ११. सूर्यापासून ढगापर्यंत फक्त दोन स्टॉपचा फरक, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. आणि खऱ्या जगात भर दुपारचं ऊन आणि पडवीतली सावली यांच्यात चार स्टॉपचा फरक असतो. म्हणजे कॅमेऱ्याची कांबळी आखूड. डोकं झाकलं तर पाय उघडे. उरलेलं अंतर रोलने झाकायचं.

आमचा जुना ठोकताळा असा की लख्ख उन्हात एफ १६ ठेवायचं आणि रोलच्या वेगाचा जो आकडा असेल तितकावा भाग सेकंद खटका ठेवायचा. १०० चा रोल तर १/१०० सेकंद. तुझ्याकडे उन्हाचं चित्र एफ २२, म्हणजे एक स्टॉप उजेड कमी, पण खटका १/६०, म्हणजे जवळपास तेवढाच परत आला. म्हणून १०० चा रोल भर उन्हात या कॅमेऱ्यावर अगदी बरोबर बसतो. पण तोच रोल घेऊन तू आंब्याच्या सावलीत गेलीस, ढगाचं चित्र लावलंस, तरी तो दोन स्टॉपहून जास्त उपाशी राहतो. फोटो येईल, पण काळ्या चिखलात चेहरे.

तिथे ४०० चा रोल घातला तर जेमतेम पोटभर जेवतो. आणि तोच ४०० भर उन्हात सूर्याच्या चित्रावर? दोन स्टॉप जास्त उजेड पडतो. तुला वाटेल, मग फोटो पांढरा पडणार. नाही. कलर निगेटिव्ह रोल जास्त जेवण पचवतो, उपास सोसत नाही. दोन स्टॉप जास्त झाले तर निगेटिव्ह थोडी दाट होते, एवढंच. कमी पडलं तर सावलीतला तपशील मुळात फिल्मवर पोचतच नाही, मग लॅबवाला काय करणार. मालक म्हणायचे, दाट निगेटिव्ह उजळवता येते, रिकामी भरता येत नाही.

तेव्हा माझा निकाल: पहिले चार रोल ४०० चेच. कुठल्या कंपनीचे हे पुढचं. मध्येच बदलू नकोस. एकच रोल चार वेळा वापरलास की कॅमेरा काय करतो आणि रोल काय करतो हे वेगळं ओळखता येईल. प्रत्येक वेळी नवा रोल म्हणजे दरवेळी नव्या तव्यावर नव्या पिठाची भाकरी. करपली तर कोणाला दोष देणार?

सप्टेंबरात तू मैत्रिणींबरोबर कासला जाणार आहेस ना? फुलं बघायला जाताना लोक समजतात की उजळ रंग आहेत, तर मंद रोल चालेल. कासच्या पठारावर त्या दिवसांत बहुतेक वेळा धुकं, झिमझिम, दाट ढग. उन्हाच्या तीन स्टॉप खाली. ४०० चा रोल आणि ढगाचं चित्र, डोळे झाकून. नेमकं ऊन पडलंच तर सूर्याचं चित्र लाव, बाकी रोल सांभाळून घेईल. आणि फुलं जवळून काढायचा मोह आवर. तुझ्या कॅमेऱ्याला एक मीटरच्या आत काही स्पष्ट दिसत नाही. भिंगावर एक-दोन मीटर, दोन-चार मीटर आणि चार मीटरपासून पुढे अशी तीन घरं आहेत. अंतर पावलांनी मोज, तुझं लांब पाऊल म्हणजे पाऊण मीटर धर. आणि वरच्या खिडकीतून जे दिसतं ते भिंगाला दिसत नाही. खिडकी वर आहे, भिंग खाली. जवळचा माणूस काढताना कॅमेरा थोडा वर उचल, नाहीतर डोकी कापली जातात. आमच्या घरी आजोबांनी काढलेल्या निम्म्या फोटोंत तुझी आई गळ्यापासून खाली आहे.

घरातल्या फोटोंसाठी तू ८०० चा रोल घेऊ का विचारलंस. ट्यूबलाइटखाली ८०० सुद्धा या कॅमेऱ्यावर पुरत नाही, चार स्टॉप कमीच पडतात. त्यापेक्षा कॅमेरा टेबलावर किंवा तिपाईवर टेकव, 'बी' लाव, ढगाचं चित्र ठेव आणि एक ते दोन सेकंद दाबून धर. '१००१, १००२' असं मनात मोजायचं. माणसांना सांग, हलू नका. ती हललीच तर भुतासारखी येतील, तेही वाईट दिसत नाही. ८०० चा उपयोग संध्याकाळी, पावसात, रस्त्यावर, दुकानांचे दिवे लागतात त्या वेळी. तिथे तो घ्यावा.

आता कंपन्या. कलरमध्ये कोडॅकचा पोर्ट्रा ४०० हा सगळ्यात सोशिक. महाग आहे, पण चुका पोटात घालतो. लोमोग्राफीचा स्वतःचा ४०० जरा भडक, चालतो. कोडॅक गोल्ड २०० हा २०२२ पासून १२० मध्येही मिळतो. उन्हाळ्याच्या सहलीला छान, चेहऱ्यावर थोडी हळद लागल्यासारखा रंग देतो. मला आवडतो, पण सावलीत नेऊ नकोस.

काळ्या-पांढऱ्यात इलफर्डचा एचपी फाइव्ह प्लस. माझं अर्धं आयुष्य त्याच्या आधीच्या पिढ्यांबरोबर गेलं, त्यामुळे मी पक्षपाती आहे असं समज. ४०० चा आहे, आणि गरज पडली तर लॅबला सांगून ८०० किंवा १६०० सारखा वाढवूनही धुता येतो. फक्त पूर्ण रोल तसाच काढायचा आणि डबीवर पेनने लिहायचं, नंतर तोंडी सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही. चेक प्रजासत्ताकातल्या फोमाचा रोल स्वस्त पडतो, सरावाला उत्तम. आणि एक इलफर्डचाच एक्सपी टू सुपर. हा काळा-पांढरा असूनही कलरच्या रसायनात, सी-४१ मध्ये धुतला जातो. पुण्यात तुझ्याजवळच्या लॅबवाल्याने 'आम्ही ब्लॅक अँड व्हाइट घेत नाही' म्हटलं तर हा रोल दे, तो मुकाट्याने धुवून देईल.

स्लाइडचा रोल सध्या नको. त्याला अर्ध्या-पाऊण स्टॉपची चूकही चालत नाही, आणि तुझ्या कॅमेऱ्याचा खटका कधी १/६० तर कधी त्याच्या मूडप्रमाणे चालतो. हे म्हणजे नवशिक्याला थेट पुरणपोळी लाटायला बसवणं. तुझी ती मैत्रीण म्हणते तसा स्लाइडचा रोल कलर निगेटिव्हच्या रसायनात धुवून हिरवे-निळे रंग आणायचे असतील तर तो खेळ नंतर खेळ. लोमोक्रोम पर्पल म्हणून एक रोल आहे, झाडं जांभळी करतो. पाचवा रोल तो घे हवा तर. पहिला नको, कारण झाड जांभळं का झालं ते तुला कळणार नाही.

मुदत उलटलेले रोल स्वस्तात मिळतात. कलर रोल जुना झाला की मंद होतो. आमचा अंदाज दर दहा वर्षांना एक स्टॉप. म्हणजे तेवढा जास्त उजेड द्यावा लागतो, आणि तुझ्या कॅमेऱ्याकडे द्यायला तो नाही. काळा-पांढरा जुना त्यामानाने टिकतो. तरीही कोणाच्या लग्नाला जुना रोल नेऊ नकोस.

रोल घालताना उन्हात उभी राहू नकोस. झाडाखाली, नाहीतर स्वतःच्या सावलीत पाठ करून. मागच्या रोलचं रिकामं रीळ गुंडाळायच्या बाजूला घाल, नवा रोल दुसऱ्या बाजूला, कागदाचं टोक फटीत सारून दोन वेढे घट्ट. कागद तिरका जाऊ देऊ नकोस. रोल सैल राहिला की शेवटी तो ढेरपोट्या होतो, कडांनी लाइट खातो आणि बारा फोटोंच्या बाजूला पांढरे झोत येतात. त्यावर उपाय फुकटाचा आहे. रोलच्या पुठ्ठ्याच्या डबीची एक पट्टी कापून, दुमडून, न वापरलेल्या बाजूच्या रिळाखाली सार. रीळ थोडं जड फिरतं, कागद ताठ राहतो. स्पंजची चकतीही चालते.

आत बारा फोटोंची चौकट आहे की सोळांची, आणि मागची छोटी कळ कुठे आहे, हे जुळलं आहे का ते बघ. चौकट बारांची आणि कळ सोळावर राहिली तर फोटो एकमेकांवर चढतात. उलटं झालं तर मध्ये मोकळी फिल्म वाया.

मागच्या लाल काचेतून आकडा दिसतो. जुन्या फिल्मना लाल रंग दिसतच नसे, म्हणून ती खिडकी लाल आहे. आजच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मना लालही दिसतो. तेव्हा खिडकीवर टेपचा एक तुकडा झाकणासारखा लाव. रोल पुढे सरकवताना उचलायचा, आकडा आला की बंद. भर उन्हात उघडू नकोस, अंगाची सावली पाड.

आणखी एक. या कॅमेऱ्यात खटका आणि गुंडाळणं यांची गाठ बांधलेली नाही. तू न गुंडाळता दहा वेळा खटका दाबलास तरी तो दाबू देईल, दहाही फोटो एकावर एक. मुद्दाम केलं तर गंमत. विसरून केलं तर घोटाळा. आमच्याकडे नियम होता की फोटो काढला की लगेच गुंडाळायचं, पिशवीत ठेवायच्या आधी. मग कॅमेरा हातात घेताना कधी शंका राहात नाही. काही लोक उलटं करतात, काढायच्या आधी गुंडाळतात. दोन्ही चालतं. रोज वेगळं केलं तर चालत नाही.

खटका हलका दाब, श्वास सोडून. १/६० सेकंद म्हणजे हात थरथरला की फोटो थरथरला. कोपरं पोटाला चिकटव. आणि 'बी' ची कळ पिशवीत घासून आपोआप सरकते. फोटो काढायच्या आधी अंगठ्याने चाचपून बघायची सवय लाव. भर उन्हात 'बी' वर राहिलेला माझा एक अख्खा रोल एकदा कोळशासारखा काळा झाला होता. लग्न होतं ते. पुढचं विचारू नकोस.

रोल संपला की कागद पूर्ण गुंडाळून घे, काढताना अंगठ्याने दाबून धर, चिकटपट्टी ओली करून घट्ट लाव. ती जिभेने ओली करायची पद्धत आहे. मालक पाण्याचं बोट लावायचे, कारण त्यांना पान खायची सवय होती. उन्हात ठेवू नको. मे महिन्यात गाडीत तर मुळीच नाही. तिथे रोलही खराब होतो आणि कॅमेऱ्याचं प्लॅस्टिकही वाकतं. न वापरलेले रोल हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेव. पण काढले की लगेच डबा उघडू नकोस. दोन-तीन तास बाहेर राहू दे, नाहीतर पावसाळ्यात फिल्मवर दव धरतं. विमानाने जाताना रोल हातातल्या पिशवीत ठेव आणि तपासणीला हाताने बघायची विनंती कर. नव्या सीटी स्कॅनरमधून फिल्म जाऊ नये, असं खुद्द कोडॅक सांगतं.

आता लॅब. इथे माझा जुना राग आहे, तो सांगून टाकतो. डायनाचे फोटो फिल्मवर सारख्या अंतराने येत नाहीत. कुठे बोटभर जागा, कुठे फोटो एकमेकांना चिकटलेले. काही वर्षांपूर्वी मी एका लॅबमध्ये असाच रोल दिला. त्यांनी नेहमीच्या मापाने पट्ट्या कापल्या आणि दोन फोटो बरोबर मधून चिरले. म्हणून लिहून दे: 'निगेटिव्ह कापू नये, अखंड द्यावी. स्कॅन कडांसकट. कोपरे उजळवू नयेत.' नाहीतर स्कॅनवाला काळे कोपरे म्हणजे दोष समजून सरळ करून देईल, आणि ज्यासाठी तू प्लॅस्टिकचं भिंग घेतलंस तेच धुवून निघेल. निगेटिव्ह परत घ्यायला विसरू नकोस. स्कॅन हरवतात, फोन बदलतात. साठ वर्षांपूर्वीची निगेटिव्ह मी आजही धरून बघतो.

काळा-पांढरा रोल घरी धुवायचा असेल तर ये इकडे, बाथरूममध्ये करू. एचपी फाइव्ह, डी-७६ डेव्हलपर एकास एक पाणी घालून, २० अंशाला ११ मिनिटं. जास्त वेळ लागणारं मिश्रण मुद्दाम घ्यायचं. अर्ध्या मिनिटाची चूक झाली तरी फारसं बिघडत नाही. आपल्याकडे २० अंशाचं पाणी नळाला येत नाही, म्हणून बाटली बर्फाच्या पाण्यात बसवायची, बर्फ मिश्रणात टाकायचा नाही. आणि अंधारात फिल्म कागदापासून सोडवताना शेवटी चिकटपट्टी असते. ती सावकाश सोडवायची. झटक्याने ओढलीस तर चिकटपट्टीतून निळसर ठिणगी चमकते. डोळ्यांनी दिसते, आणि फिल्मलाही दिसते. मालकांनी मला ती पहिल्यांदा मुद्दाम दाखवली होती, वाया गेलेल्या रोलवर. त्या दिवशी डार्करूम मला आवडायला लागली.

कॅमेऱ्याची निगा थोडक्यात. भिंग प्लॅस्टिकचं, ते रुमालाने घासायचं नाही. फुंकर, मऊ ब्रश, फारच झालं तर ओलसर मलमल. स्पिरिट, थिनर, नखपॉलिश काढायचं पाणी यातलं काही भिंगाला किंवा त्या नक्षीला लावशील तर दोन्ही जातील. कोकणात गेलीस तर डब्यात सिलिका जेलची पुडी टाक. नक्षी थोडी झिजेल. झिजू दे.

आईचं ते शोकेसचं म्हणणं मी मनावर घेत नाही. मर्यादित आवृत्ती म्हणून डब्यात जपून ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या स्प्रिंगा तशाच झोपून राहतात, आणि मग कधीतरी खटका अडकतो. महिन्यातून एकदा तरी रिकामा खटका वाजव.

आणि शेवटचं, जे मी तुला पहिल्यांदाच सांगायला हवं होतं. या कॅमेऱ्यात तू बघतेस ते वरच्या खिडकीतून, भिंगातून नाही. म्हणजे भिंगावर टोपण तसंच असलं तरी तुला सगळं जग स्वच्छ दिसतं. तू हसा म्हणतेस, ते हसतात, खटका वाजतो, बारा वेळा. रोल धुवून येतो तो काचेसारखा कोरा. माझं हे दोनदा झालं आहे, दुसऱ्यांदा पंचावन्नाव्या वर्षी. टोपणाला भोक पाडून त्यात दोरी ओव आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्याला बांध, म्हणजे लोंबकळताना दिसेल. आजच बांध. पहिला रोल संपला की लॅबला देऊ नकोस, घेऊन ये. येताना बर्फ आण, आमचा फ्रिज नीट चालत नाही.